चार सारखे तुकडे

मित्रांनो, मी नायलॉनची एक जुनी दोरी आहे. खरं तर दोरी कसली, दोरीचा चौथा हिस्सा आहे. बाकीचे तीन हिस्से कुठे गेले ते मला विचारू नका. आठवलं की अजून पीळ पडतो.

माझा जन्म रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतला. तिथे पोलादाच्या कारखान्यांच्या मधोमध एका लहानशा शेडमध्ये नायलॉनचे धागे पिळून मला तयार केलं. साठ फूट लांब! मध्ये एक गाठ नाही, एक जोड नाही. शहरातल्या बूढापारा भागातल्या दुकानात मी खुंटीवर लटकत होते, तेव्हा माझ्याइतकी ऐटबाज दोरी त्या दुकानात दुसरी नव्हती. हे मी नाही, दुकानदार म्हणायचा.

तिथून मला दिवाकररावांनी घरी आणलं. तेव्हा आमचं राज्य भोपाळपासून वेगळं, नवंनवं झालं होतं. दिवाकररावांच्या ऑफिसात भोपाळहून सामान येत होतं आणि दिवसभर वाटणी चालायची. इतकी कपाटं या खात्याला, इतक्या खुर्च्या त्या खात्याला. माणूस सज्जन, पण कुठलीही वस्तू दिसली की तिचे सारखे भाग करायची त्यांना सवयच जडली होती. माझं नशीब तिथेच फुटलं.

मला आणलं होतं त्यांच्या मुलीसाठी. शर्मिष्ठा चौदा वर्षांची, लहानपणापासून दम्याचा त्रास. वनमाला दीदी नावाच्या बाई मुलांना पक्षी ओळखायला शिकवायच्या. एप्रिलमध्ये त्या मुलांना दहा दिवस जंगलात नेणार होत्या. दोन झाडांना जाळीचा झुला बांधायचा, वर तिरपाल, म्हणजे ताडपत्री, ताणायचं आणि तिथेच झोपायचं. शर्मिष्ठाला त्या दिवसांचीच स्वप्नं पडत होती. पण तिची आई, कुसुमताई, काही तयार होईना.

"अभनपूरच्या आमराईत एक रात्र काढून दाखव," कुसुमताईंनी शेवटी अट घातली. "आपलं छत आपण बांध. कोरडी परत आली, तर मी समजीन की तुले स्वतःची काळजी घेता येते. मग जा जंगलात. नाही तर विषय बंद."

"हव, आई!" शर्मिष्ठा म्हणाली.

पोरीने किती नीट विचार केला होता म्हणून सांगू! वहीत चित्र काढलं. दोन झाडांच्या मधून एक लांब दोरी, तिच्यावर तिरपाल दोन्हीकडे उतरतं, घराच्या छपरासारखं. झाडांमध्ये अंतर सतरा फूट. दोन्ही खोडांना वेढे आणि गाठी धरून ही मधली दोरी तीस फूट. चार कोपऱ्यांना जमिनीतल्या खुंट्यांपर्यंत सात-सात फूट. म्हणजे अठ्ठावन्न, आणि मी साठ! मी तर मनातून फुलून गेले होते.

दिवाकररावांनी चित्र पाहिलं आणि हसले. "एवढं कायले पाहिजे? मच्छरदाणीले चार कोपरे, चार दोऱ्या. याले बी चार कोपरे."

"बाबा, मच्छरदाणीवर पाऊस नाही पडत."

"वीस वर्षं मच्छरदाणी बांधून राहिलो मी. मले शिकवून राहिली का तू?"

माझ्यावर मापाच्या खुणा करायला ती खडू आणायला आत गेली. तेवढ्यात त्यांनी माझी घडी घातली, मग घडीची घडी घातली आणि कात्री चालवली. पंधरा-पंधरा फुटांचे चार तुकडे, अगदी सारखे. वर त्यांचं समाधान असं, की जणू मोठं काम पार पाडलं! शर्मिष्ठा खडू हातात घेऊन दारात उभी राहिली.

शनिवारी दोघं स्कूटरवरून आमराईत पोचले. अजूनही मार्ग होता, मित्रांनो! "बाबा, दोन तुकडे जोडू, एक वेढा कमी घेऊ, मधली दोरी होते," शर्मिष्ठा म्हणाली. "उरलेल्या दोघांचे अर्धे करू, चार कोपरे होतात."

"आता अजून कापायचं? राहू दे. मी बांधतो."

आणि त्यांनी तिरपाल मच्छरदाणीसारखं बांधलं. सपाट! तीन कोपरे त्यांनी बांधले, चौथा, म्हणजे मी, शर्मिष्ठाने. दीदींनी शिकवलेली गाठ तिने अशी घट्ट मारली की मला तिचा अभिमान वाटला.

संध्याकाळी पाच वाजता आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. सपाट तिरपालावर पाणी साचलं, परातीत साचावं तसं. पाणी वाढलं, तिरपाल झोळ देत खाली आलं आणि माझ्याकडच्या कोपऱ्याची पितळी कडी टर्रकन उपटून निघाली. झुल्यात पडलेल्या शर्मिष्ठाच्या अंगावर बादल्याच रिकाम्या झाल्या. ती भिजली, थोड्या वेळाने तिला धाप लागली. तशीच तिला घरी आणली.

"काय झालं?" कुसुमताईंनी विचारलं.

"माझी गाठ सुटली, आई."

मी चाटच पडले. गाठ सुटली? ती तर माझ्या अंगावर तशीच होती, उपटलेली कडी आत धरून! पण बाबांची मान आईसमोर खाली जाऊ नये म्हणून पोरगी खोटं बोलली. आता हे बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट पाहिली. दिवाकरराव ओला रुमाल पिळत राहिले.

जंगल रद्द झालं. त्यानंतर दहा दिवस त्या माणसाने तोंड उघडलं नाही. मला तोंड असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. अकराव्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन दीदींची जीप जंगलाकडे निघाली. शर्मिष्ठा आपली पक्ष्यांची वही दीदींकडे देऊन परत आली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

दुपारी गोधड्या वाळत घालायला कुसुमताईंनी मला पिशवीतून काढलं. गाठ पाहिली, ओढून पाहिली. "अहो, ही कोणी मारली?"

"शर्मिष्ठानं."

"ही तर सुटलीच नाही. कडी उपटली दिसते."

दिवाकरराव खुर्चीत बसले. "दोरी मीच कापली, कुसुम. बांधली बी मीच, तशी. ती नको म्हणत होती."

"मग काल काहून नाही सांगितलं? जीप गेली ना आता!"

ते उठून आतल्या खोलीत गेले. "बेटा, चूक माझी होती."

"मले माहीत आहे, बाबा," शर्मिष्ठा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मित्रांनो, दोरी कापण्याआधी ज्याला छत बांधायचं आहे त्याला विचारा. दोन हात जास्तच ठेवा, कारण गाठी आणि वेढे दोरी खातात. आणि चूक तुमची असेल, तर जीप सुटायच्या आत सांगा.