यंत्राची जेवणाची सुट्टी

मंडळी, काही कामं अशी असतात की ती करता करता माणसाला स्वतःचा विसर पडतो. कुणी पासवर्ड विसरलं, द्या नवीन. कुणी नोकरी सोडली, त्याची एकेक खाती बंद करा. संगणकावर धोक्याची सूचना आली. उघडा, बघा, काही नाही, मिटवा. तोवर दुसरी हजर. मोहालीच्या एका मोठ्या कंपनीत ओजस्विनी हेच करायची. कराडची पोर इंजिनीअर होऊन एवढ्या लांब आली, ती काय दिवसभर एकच बटण दाबायला?

एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण एकही सूचना वाचलेली नाही, नुसत्या मिटवत सुटलोय. चोर वाजतगाजत आला असता तरी तिनं त्यालाही मिटवून टाकलं असतं. तिनं राजीनामा दिला. जुना सहकारी सर्वेश सोबत आला आणि जवळच्याच झिरकपूर गावातल्या एका फ्लॅटमध्ये दोघांनी स्वतःची कंपनी थाटली. असली घाण्याच्या बैलाची कामं यंत्राकडून करून घ्यायची, हा त्यांचा पण. ओजस्विनीनं भिंतीवर स्वतःच्या हातानं पाटी लावली, 'पुन्हा पुन्हा तेच? मग माणूस कशाला?'

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिची विनयामावशी राहायची. मावशी शहरातल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ. ड्युटीवरून आली की काहीतरी खायला करून खाली आणायची आणि म्हणायची, "तुमच्या यंत्राला भूक लागत नसेल, तुम्हाला लागते ना?"

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते रक्त तपासणाऱ्या लॅबच्या एका साखळीचं. तिथले संगणक सांभाळायचे वालियाजी. लॅबमधून कुणी नोकरी सोडली की लगोलग त्याला सगळी दारं बंद व्हायला हवीत, नाहीतर गेलेला माणूस घरी बसून लोकांचे रिपोर्ट वाचायचा. ओजस्विनीच्या यंत्रानं, त्याचं नाव तिनं 'दक्ष' ठेवलं होतं, बरीचशी दारं चटाचट बंद केली. पण रिपोर्ट ठेवलेली प्रणाली जुनी आणि महाहट्टी. तिथं दक्षची डाळ शिजेना. आणि वालियाजींना दाखवायचा दिवस तर तोंडावर आलेला.

"तेवढं आत बसून आपली नवी रेवा करेल," सर्वेश म्हणाला. "पडद्यावर दिसेल दक्षनंच केलं. पुढच्या महिन्यात खरंच बनवू की. यार, सगळेच असं करतात. आधी दाखवायचं, मग बनवायचं."

ओजस्विनीच्या मनात पाल चुकचुकली. पण पहिलं गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीनं तिनं मान हलवली. रेवा अमरावतीची, नुकतीच रुजू झालेली. भिंतीवरची ती पाटी आवडली म्हणूनच तिनं इथली नोकरी धरली होती. तिला आतल्या खोलीत बसवलं. वालियाजींनी दक्षसाठी दिलेल्या किल्ल्या, म्हणजे त्यांच्या प्रणालीचे मुख्य पासवर्ड, तिच्या हाती आले. काम रेवाचं, नाव दक्षचं.

वालियाजी खूश झाले. पुढचा महिना आला आणि गेला. तात्पुरता म्हणून ठोकलेला खिळा कधी कुणी काढतो का? नवं काही बनवण्याच्या नादात जुनं राहूनच गेलं, आणि रेवा आतल्या खोलीत बसून राहिली.

एकदा वालियाजींचा फोन आला. "बेटा जी, तुमचा हा दक्ष दुपारी जेवणाच्या वेळेलाच बरा मंदावतो! गुरुद्वारात लंगरला जेवायला जातो काय?"

ओजस्विनीही हसली. "नाही जी, त्या वेळी सर्व्हरवर लोड असतो." फोन ठेवून ती आत गेली आणि म्हणाली, "रेवा, उद्यापासून डबा खुर्चीतच खात जा हं." रेवानं बिचारीनं ते ऐकलं. तेव्हापासून ती एका हातानं पोळी खायची आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबायची.

मग एका संध्याकाळी रेवा दारात येऊन उभी राहिली. मावशी उपम्याच्या बशा मांडत होती.

"ताई, पुढच्या सोमवारी आईचं ऑपरेशन आहे. आठ दिवस अमरावतीला जाऊ का?"

"पुढच्या सोमवारी?" ओजस्विनी दचकली. "अगं, त्याच आठवड्यात वालियाजी सगळ्या शाखांचा करार करणार आहेत. दक्ष रजेवर गेला असं सांगू का त्यांना?"

रेवाचा चेहरा उतरला. "मी कधी सुट्टी मागितली नाही ना ताई. जेवण पण इथंच करून राहिली. पण आई एकटीच आहे. बाबा नाहीत ना." एवढं बोलून ती परत आत गेली. करणार काय, पडद्यावर काम आलं होतं.

मावशीनं बशी खाली ठेवली. "ओजू, दक्ष म्हणजे ही पोर का?"

ओजस्विनीनं सगळं सांगितलं. सर्वेश म्हणाला, "मावशी, काम तर चोख होतंय ना? हातानं झालं काय, यंत्रानं झालं काय."

"हातानं करण्यात काहीच वाईट नाही रे," मावशी म्हणाली. "ऑपरेशन चालू असताना श्वास देणारं मशीन कधी बंद पडतं. मग मी हातात फुगा घेते आणि दाबत बसते. हातानं श्वास देते पेशंटला. पण आधी खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगते, मी हातानं देतेय. मी थकले तर दुसऱ्यानं पुढं व्हायला हवं, सर्जननं काम उरकायला हवं. आता समज, मी पडद्याआड फुगा दाबतेय आणि बाहेर मशीनचा हिरवा दिवा लावून ठेवलाय. मला भोवळ आली तर? सगळे त्या दिव्याकडेच बघत राहतील."

"पण मावशी, आमच्याकडे कुणी मरत नाही," ओजस्विनी पुटपुटली.

"लोकांची दुखणी आहेत त्या रिपोर्टांत. ही पोर क्षणभर जागेवरून उठली, तर नोकरी सोडून गेलेल्याला ती उघडीच. आणि ही रेवा? जे काम माणसाचं नाही म्हणून तू सोडून आलीस, तेच हिच्या गळ्यात घातलंस. तुझ्या त्या कंपनीत निदान तुझं नाव तरी होतं. हिचं तेही पुसलंस. आता आईपाशी बसायलाही हिला सवड नाही, का तर यंत्राला आई नसते."

ओजस्विनीला ते वाक्य फार लागलं. समोर भिंतीवर तिचीच पाटी होती. मग माणूस कशाला? आणि आपण काय केलं? जितीजागती मुलगी यंत्राच्या पोटात कोंडली!

ती उठून आतल्या खोलीच्या दारात गेली. "रेवा, तिकीट काढ. सोमवारच्या आत तू आईजवळ असशील."

"आणि करार?" सर्वेशनं विचारलं.

"वालियाजींना सगळं खरं सांगणार. उद्याच."

"वेडी झालीस? हातातोंडाशी आलेला घास आहे."

"असू दे. हा घास मला गिळवणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती मोहालीला वालियाजींसमोर बसली आणि काही न लपवता सांगून मोकळी झाली. वालियाजींचा चेहरा लाल झाला. "माझ्या घराच्या किल्ल्या मी यंत्राला दिल्या होत्या. त्या कुणाच्या हातात आहेत, हे मला कळायला नको?"

"कळायला हवं होतं. चूक माझी आहे. रेवानं मी सांगितलं तेवढंच केलं."

त्यांनी समोरचा कराराचा कागद मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सगळ्या शाखांचा करार आता नाही. आत्ता चाललंय तेवढं चालू ठेवा, पण हातानं करता ते हातानं असंच पडद्यावर दिसू दे. जुन्या किल्ल्या मी आजच बदलतो. नव्या ज्याच्या हातात असतील, त्याच्याच नावानं असतील. यंत्र तयार झालं की या. तेव्हा बघू."

करार गेला. वाईट वाटलं, खूप वाटलं. सर्वेश दोन दिवस धड बोलला नाही, तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून म्हणाला, "चल, त्या हट्टी म्हातारीला एकदाचं वठणीवर आणू." म्हातारी म्हणजे ती जुनी प्रणाली.

सोमवारी रेवा अमरावतीत होती आणि तिच्या खुर्चीत स्वतः ओजस्विनी. वालियाजींच्या पडद्यावर आता स्पष्ट दिसत होतं, 'हे काम सध्या माणसाच्या हातानं: ओजस्विनी'. दुपारपर्यंत तिची बोटं आखडली आणि डोळे चुरचुरायला लागले. रेवानं हे सारं निमूट सोसलं होतं, या विचारानं तिला रडू आलं. ती डबा बाजूला सारून पुढचं काम उघडणार, तोच वालियाजींचा निरोप आला.

'यादीतला पुढचा माणूस संध्याकाळी नोकरी सोडणार आहे, तोवर वेळ आहे. आधी जेवून घ्या. आणि रेवा बेटीच्या आईचं ऑपरेशन कसं झालं?'

दक्षला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ओजस्विनीनं खुर्ची मागे सरकवली, मावशीला खाली बोलावलं आणि किती तरी दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी दोन्ही हात मोकळे ठेवून जेवलं.

भिंतीवरची पाटी तिनं काढली नाही. तिच्याखाली एक ओळ लिहिली, 'आणि माणूस असेल, तर त्याचं नाव लिहा.'

मंडळी, यंत्रं जरूर बनवा. माणसाच्या मानेवरचं जू उतरत असेल तर आज बनवायचं ते कालच बनवा. ते बनेपर्यंत कुणी हातानं काम करत असेल तर त्यात लाजायचं काहीच नाही. पण तो राबणारा हात लपवू नका. कारण हात लपवला की हळूहळू आपण त्याच्या मागचा माणूसही विसरतो, आणि मग त्याला भूक लागते, त्याची आई आजारी पडते, याचीच आपल्याला अडचण वाटू लागते.