नवे सेट मुके करणारा अ‍ॅम्प्लिफायर

तिसरा रेडिओ सेटही मुका झाला, तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत तीसेक माणसं हात जोडून उभी होती. "अगं बाई!" कुणीतरी पुटपुटलं. आईने बोलावलेले महाराज डोळे मिटून समाधानाने मान डोलावत होते.

टेबलावर बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. बाबा हौशी रेडिओवाले. या व्हॉल्व्हच्या धुडामुळे त्यांचा आवाज समुद्रापार पोचायचा. ते जाऊन तीन महिने झाले होते. दादाने त्याला नवा सेट जोडला, माइकचं बटण दाबलं, टक् झालं. त्यानंतर सेटवर ऐकू यायचं, पण बोललेलं जाईना. क्लबचा सेट आणला, त्याचीही तीच गत. आज मित्राचा गेला, महाराजांच्या देखत.

"वाचा काढून घेताहेत ते," महाराज म्हणाले. "शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. बापाचं बोलायचं राहून गेलं. आता मुलालाही बोलू देणार नाहीत. ही वस्तू माझ्या ताब्यात द्या."

आई दादाकडे वळली. "तरी मी म्हणत होते, ड्यूटी सोडून ये!"

बाबा गेल्यापासून दादा हेच ऐकत होता बिचारा. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. तीन महिने मी नुसती कामावर जात होते, येत होते, आतून सगळं बधिर. पण महाराजांचा चेला अ‍ॅम्प्लिफायरला दोरी बांधायला लागला आणि माझं डोकं फिरलं.

मी लिफ्ट दुरुस्त करते. पिशवीतून मीटर काढला. दादाने जोडणीला बाबांचीच वायर वापरली होती, मायेने पुसून. तिचं सेटकडचं टोक काढून मी मीटरला लावलं आणि शेजारच्या काकांना म्हटलं, "आकडा सांगा."

"एकशे वीस व्होल्ट!"

"सेट जोडलेला नसताना. म्हणजे ते अ‍ॅम्प्लिफायरमधूनच येतात. महाराज, हे टोक जरा चिमटीत धरता? तुमची तर बाबांशी ओळख आहे."

महाराजांनी हात मागे घेतला. "आज माझं मौन आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बोलायचं बटण दाबलं की सेट या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायर चालू करतो," मी सांगितलं. "बाबांच्या जुन्या सेटमध्ये त्यासाठी रिले होता. रिले म्हणजे विजेवर चालणारा दणकट स्विच, तो एवढे व्होल्ट सहज सोसायचा. नव्या सेटमध्ये तिथे तांदळाएवढा ट्रान्झिस्टर आहे. तो जळतो, आणि सोबत बोललेलं पाठवणारे आणखी चार भाग घेऊन जातो."

महाराज कधी सटकले, कळलंच नाही.

दोन दिवसांनी दादाच्या सेटचे जळके भाग बदलले. सेट आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये एका डबीत बारा व्होल्टचा रिले बसवला. सेटने फक्त रिले चालवायचा, एकशे वीस व्होल्ट रिलेने सांभाळायचे. दादाने घाबरत बटण दाबून हाक दिली. लांबून कुणीतरी उत्तर दिलं.

आई दारात उभी होती. "म्हणजे हे रागावले नव्हते?"

"आई, गेलेला माणूस रागावत नाही. माफही करत नाही. डॉक्टरांनी आणखी आठवडा आहे सांगितलं, म्हणून दादा ड्यूटीवर गेला. तू तिथेच होतीस ना?"

आई दादाजवळ गेली. "नाही नाही ते बोलले रे तुला," म्हणाली आणि रडायला लागली. दादाही रडला. मला रडू आलं नाही.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच बघा, की त्यात दोष कुणाच्या माथी मारला जातोय. आमच्या घरात दोष एका जोडणीचा होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो माझ्या भावाच्या माथी मारला.