शब्द लावला की वाक्य

रविवारी दुपारी डॉक्टर खेळायला आले की सुनेच्या हाताला मोबाईल चिकटायचा आणि मालकीणबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. चहा द्यायचा, वाकून टेबलावर नजर टाकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून अंगठे चालवायचे. मग बिस्किटं आणायची. मग पुन्हा अंगठे. "बिस्किटं काय एकेक भाजून आणतेस का गं?" असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. सून नुसती हसली. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे मालकीणबाईंचं वेगळंच दुखणं.

मालकीणबाई हे नाव गल्लीनं दिलेलं. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे हुकूम त्यांचाच. कोटाची कॉलर उलटून बघितली की गिऱ्हाईक कुठल्या वळणाचं आहे ते त्या सांगत, आणि सहसा त्याच्या तोंडावरच सांगत. शाळा त्यांनी दुरूनच पाहिलेली. त्यांचे यजमान अण्णा मात्र एका मोठ्या कंपनीत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहून निवृत्त झालेले. समोरच्या दातांच्या डॉक्टरांबरोबर ते दर रविवारी अक्षरांच्या सोंगट्या मांडून इंग्रजी शब्द जुळवत. डॉक्टर पूर्वी वाटेल ते शब्द ठोकून द्यायचे, म्हणून अण्णांनी घरचा नियम केला होता: शब्द लावला की त्याचं वाक्य करून दाखवायचं. वाक्य जमलं नाही तर सोंगट्या परत उचलायच्या.

मागच्या हिवाळ्यात अण्णांना झटका येऊन गेला. हातपाय सुधारले, पण शब्द काही बोलावल्यासरशी येईनात. समोर दिसला की ओळखायचे. पण शोधायला गेले की वाट चुकायचे. तरी डॉक्टर येत होते. दुसरं कुणी येत नव्हतं. डॉक्टरांना एकदा या पोकळीचा अंदाज आला, की तेही अवघडून येणं कमी करतील आणि अण्णा रविवारीसुद्धा भिंतीकडे बघत बसतील, ही धास्ती मालकीणबाईंच्या उरावर होती. शिवाय डॉक्टरांच्या खुर्चीत सगळी गल्ली तोंड उघडून बसते. तिथे अण्णांचा विषय निघावा हे त्यांना मुळीच खपणारं नव्हतं.

त्या रविवारी त्या तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या.

"आण इकडे तो. मेला मोबाईल आज पाण्यातच बुडवते."

"आई, हळू. बाबांची अक्षरं आहेत ही." सुनेनं मोबाईलचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे टाकली की त्यांतून होणारे शब्द दिसतात. मग त्यांच्या सोंगट्यांची लाकडी पट्टी पुसायच्या निमित्तानं मी तीवर त्या ओळीनं लावून येते. बाबा बघतात आणि उचलून मांडतात."

"याला लबाडी म्हणतात."

"हो."

"त्यांना ठाऊक आहे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही."

मालकीणबाईंनी स्टूल ओढलं. रागाला आता बसायला जागा उरली नव्हती. त्या मात्र बसल्या.

"मग करतेस तर धड कर की. डॉक्टर पुढे गेलेत. किरकोळ काय देतेस? चांगला भरघोस बघ."

"आहे एक. क्यू आणि झेड दोन्ही जातात, सगळी पट्टी रिकामी होते. पण आई, हा शब्द कशाचा ते मलाच माहीत नाही."

"तुला कुणी विचारलंय? मोबाईलला माहीत आहे ना? जा."

सून फडकं घेऊन गेली. अण्णांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक सोंगटी उचलून त्यांनी मांडायला सुरुवात केली. डॉक्टर पुढे झुकले.

"क्वेट्झल! अरे बाप रे! वहिनी, हे आज माझी हजामत करणार." डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "काय असतं हो हे, अण्णा? होऊन जाऊ दे वाक्य."

अण्णांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दारात उभी असलेली सून फडक्याची घडी घालत राहिली. गल्लीत कुणाशीही दोन हात करणाऱ्या मालकीणबाई तिच्या मागे पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

डॉक्टरांना कळलं. हसू हळूच आवरून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "बराच वेळ झाला नाही का? निघतो मी. पुढचं काय... बघू कधीतरी."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला आणि तो भलामोठा शब्द एकेक सोंगटी करत परत पट्टीवर घेतला. कुणाकडे न बघता. मग त्याच सोंगट्यांतून चार निवडल्या आणि पटाच्या कडेला लावल्या. एक सोंगटी घसरली, ती पुन्हा बसवली.

"लेट," ते म्हणाले. "इट इज नॉट लेट, डॉक्टर. बसा."

डॉक्टर बसले. "गुण फार नाही मिळायचे, सांगून ठेवतो. मी दयामाया दाखवत नसतो."

"दाखवू नका."

त्यानंतर अण्णा सडकून हरले. पट्टी पुसायला सून आली तेव्हा त्यांनी पट्टी हातानं झाकून घेतली. दोन-तीनदा त्यांनी आपली पाळी सोडून दिली, एकदा डॉक्टरांच्या वाक्याला खोट काढली आणि ती मान्य करून घेतली. जाताना डॉक्टरांनी दारातूनच ओरडून सांगितलं की पुढच्या रविवारी ते लवकर येतील, कारण हरणाऱ्या माणसाला जास्त वेळ लागतो.

सून कप विसळत होती. "पक्षी असतो तो, आई. आत्ता पाहिलं मी."

मालकीणबाईंनी तिच्या हातातला कप घेऊन फडताळात ठेवला.

"असू दे. पुढच्या रविवारी मोबाईल दुकानात ठेवून वर यायचं, आणि चहा गरम आणायचा. मन तुझं चांगलं आहे, ते मी कुणापुढे बोलणार नाही. पण ते हरले तर हरू देत. हरायला त्यांना ना तुझी मदत लागते, ना माझी."