घरचं मानूस घिऊन ये

मला सोताचं लेकरू एकच. ते बी आता कंपनीत लागलंय, मिशा हायेत त्याला. पन मागच्या साली दिवाळी झाली आन म्या अचानक शाळंतल्या पोरांचा बाप झालो. एकाचा नाय, चांगल्या तिघांचा. आन मपल्या बायकोला ह्यातलं काय बी म्हाईत नव्हतं.

थांबा, नीट सांगतो.

पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं एक सरकारी हायस्कूल हाय. नाव नाय सांगत, उगं कुनाची बदली व्हायची. त्या शाळंच्या फाटकासमोर मपली चहाची टपरी. सोनाजीचा चहा म्हनलं की ट्रकवाले बी बिरेक मारतेत. म्या चौथीपतुर शिकलो, तिथून पुढं मेंढरांमागं. गुडघे गेले तवा मेंढरं इकली आन टपरी टाकली. तवापासून शाळा रोज बगतो. आतून नाय, भायेरून. भायेरून जास्त दिसतं.

आधी ह्या शाळंत समदी गावातल्या जिमीनवाल्यांची पोरं. बद्रीनाथ गुरुजी हेडमास्तर. पोरानं खोडी केली की गुरुजी फाटकात उभं ऱ्हाऊन हाळी द्यायचे, आन बाप समोरच्या रानातून यायचा. पायतान पायात नसायचं, हातात असायचं. शिस्त तिथल्या तिथं लागायची.

मंग कंपन्या वाढल्या. जिमिनीला भाव आला, आन जिमीनवाल्यांची पोरं टाय लावून पिवळ्या बसमदी बसून शहरात इंग्रजीला गेली. म्हनलं, आता शाळंत कबुतरं ऱ्हातील. तर नाय! बिहारी कामगारांची आली, वीटभट्टीवाल्यांची आली, आमच्या धनगरांची आली. शाळा पुन्हा भरली. डबे निराळे, बोली निराळ्या. आन शिव्या तर इचारू नका. पोरांना कविता वरीसभर पाठ होत नाय, पन एकमेकाच्या शिव्या दोन दिसात तोंडपाठ.

अशात नवे हेडमास्तर म्हनून आले इंद्रजीत सर. शहरात, उस्मानपुऱ्यात ऱ्हानारे. पांढरी गाडी, काचा कायम वर. मानूस वाईट नाय, पन इस्त्री जरा जास्त. आल्या आल्या त्यांनी दोन कायदे केले. एक, घंटा झाली की फाटक बंद. उशिरा आलेल्याला शिपायानं धरून हाफिसात न्यायचं. दुसरा, उशीर, गोंधळ, शिवी, काय बी केलं तरी "घरचं माणूस घेऊन ये." तिसऱ्यांदा बी घरचं कोन आलं नाय, तर शाळंतून नाव कमी आन दाखला हातात.

आता घरचं मानूस आनायचं कुठून? हनुमानचंच घ्या. नववीतलं पोरगं, मायबाप मेंढरं घिऊन गोदाकाठाला गेलेले, ऱ्हातो भावकीत, माळावरच्या वस्तीवर. त्यानं वर्गात शिट्टी मारली. साधी नाय, मेंढरं वळवायची. त्या शिट्टीनं वर्ग तर वळलाच, फळ्यावर लिवनारे सर बी वळले.

आलं मपल्याकडं. "आबा, तुमी चला की हाफिसात."

"म्या? म्या काय तुजा बाप हाय व्हय रे?"

"घंटाभरासाठी व्हा."

"आन तुज्या बापाला कळलं म्हंजे?"

"त्यालाच फोनवर इचारलं. म्हनला, सोनाजीला ने, त्याला बी चांगलं वरडाया येतं."

आता बापाचीच परवानगी म्हनल्यावर काय करता? फेटा बांधला, गेलो. हनुमानला असा झापला, असा झापला, की सरच खुर्चीतून उठले. "जाऊ द्या, जाऊ द्या, लहान आहे." जाताना मला म्हनले, "तुमच्यासारखे पालक पाहिजेत हो."

सरांनी मला वळखलं नाय. दिवसातून दोनदा मपला चहा पितात. कडूबा शिपाई किटली घिऊन येतो, भरून नेतो. चहाची चव सरांना पक्की ठावं, पन करनाऱ्याचं तोंड कवाच बगितलेलं नाय.

ही गोष्ट पोरांमदी फुटली. आठ दिसांनी राजकुमार हजर. बाप बिहारचा, कंपनीत रातपाळीला, दिवसा उठवला तर चावंल असा.

"चाचा, हमारे भी बन जाओ ना."

"अबे, मय बिहारी दिखता क्या?"

"गमछा डालो तो दिखोगे."

फेटा काढला, गमछा टाकला, चष्मा लावला. हात जोडून सरांम्होरं उभा. "साब, माफी करो. छोकरा नादान हय." सर म्हनले, "बिहार में कौनसा जिला?" मपल्याला बिहारचा एक बी जिल्हा ठावं नाय. म्हनलं, "साब, टेशन के बाजूवाला." सरांनी मान हालवली. मोठ्या मान्साला "ठावं नाय" म्हनता येत नाय, ह्याच्यावर तर आपली दुनिया चालती.

पन तिसरं लेकरू आलं तवा मपलं हसू गेलं.

प्रांजली. दहावीतली. हुशार अशी की बाकीच्यांची गनितं मपल्या टपरीच्या बाकड्यावर सोडवून द्यायची. मायबाप नाय, आजीनं सांभाळलेली. आजी म्हंजे बानाबाई, मपली चुलतबहीन. पोरगी रोज उशिरा यायची. दोनदा घरचं मानूस आन म्हनून सांगून झालं व्हतं, आता शनिवारी तिसरी बारी.

"आजीला आन की," म्हनलं.

"आजी म्हनती, शाळेनं काढलं तर बरंच. पोरगा बघून ठिवलाय. दाखला हातात आला की दुसऱ्या दिशी सुपारी फोडनार." पोरीनं ववढं बोलून खाली बगितलं. "आबा, दोघांचे झालात. माजे बी व्हा."

बानाबाईची काठी म्या ल्हानपनापासून वळखतो. पन पोरीच्या तोंडाकडं बगून म्हनलं, "व्हतो. मरंना."

त्याच शनिवारी हनुमान आन राजकुमारला बी पुन्हा घरचं मानूस आनाया सांगितलेलं. पिशवीत फेटा, गमछा आन एक पांढरी टोपी घिऊन गेलो. म्हनलं, सर एकेकाला हाफिसात बोलवतेत, भायेर येऊन टोपी बदलायची, पुन्हा आत. पन सरांनी ऐनवेळी डाव बदलला. शिक्षन खात्याच्या रत्नमाला मॅडम येनार व्हत्या. सरांनीच वर कळवलं व्हतं ना, की आमच्या शाळंत शिस्त अशी लागली की पालक धावत येतेत. म्हनून मैदानात खुर्च्या मांडल्या. पालकानं खुर्चीवर बसायचं, आपलं लेकरू मागं उभं.

म्या बसलो. मपल्या मागं तिघं उभी.

सर खुर्च्यांची वळ बगत आले. "हनुमान, तुझे पालक?" हनुमाननं मपल्याकडं बोट केलं. "राजकुमार?" त्यानं बी. "प्रांजली?" सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्या टोपी घालू का फेटा बांधू, ह्या इचारात पिशवीत हात घालून तसाच.

ववढ्यात कडूबा रिकामी किटली वाजवीत आला. "सर, मॅडमला चहा कुठून आनू? टपरी बंद हाय. सोनाजी कुठं उलथला कुनाला... अरं, तू हितं बसलास व्हय!"

सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मपल्या तोंडाकडं बगितलं.

कानाशी वाकले. "तुम्ही चहावाले?"

"व्हय."

"आणि बाप कुणाचे?"

"घरी एक हाय, सर. हितं तीन."

"सोमवारी टपरी दिसता कामा नये. आणि ह्या तिघांचे दाखले आजच हातात." सरांचा आवाज बारीक व्हता पन दात करकरत व्हते. मागं प्रांजलीनं खुर्ची घट्ट धरली, ती मपल्या पाठीला कळली.

तंवर जीप फाटकातून आत. मॅडम आल्या, सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. समोर बगून खुश. मंग बोट मपल्याकडं. "ह्यांच्या मागं तिघं कशी?"

सर घामाघूम. म्या उठलो. म्हनलं, "मॅडम, हे दोघं मपल्या जिम्म्याला. ह्यांचे बाप कामावर. एक मेंढरांमागं, एक रातपाळीला. फोन लावून इचारा."

"चांगलंय की. आणि ही मुलगी?"

म्या तोंड उघडलं, पन त्याआधी प्रांजली हालली. मपल्या मागनं निघाली, समद्यांच्या म्होरून सरळ चालत गेली, आन सरांच्या खुर्चीमागं जाऊन उभी ऱ्हायली.

"माझे पालक हे," म्हनली.

कडूबानं किटली खाली ठिवली ती बी आवाज न करता. सर मागं वळले. पोरीचे पाय गुडघ्यापतुर धुळीनं पांढरे, एका चपलेला तार गुंडाळलेली. आता सर "नाय" म्हनले असते तर मॅडम म्हनल्या असत्या, मंग हिचं कोन? आन तिथून समदा धागा उसवत मपल्यापतुर आला असता. पन खरं सांगू का, मला नाय वाटत सरांनी तेवढाच इचार केला. लई वेळ त्या चपलेकडंच बगत व्हते.

"हो," म्हनले. "माझी."

"हिची तक्रार काय?"

"उशिरा येते," सर पुटपुटले.

"रोज? मग पालक म्हणून तुम्ही काय करता, इंद्रजीत सर?" मॅडमनी पोरीकडं बगितलं. "का गं उशीर?"

"सकाळी शेळ्यांची धार काढते, कोकरं पाजते, मंग रोडला येते. रिक्षा कंपनीवाल्यांनी भरलेल्या असतात, थांबत नाहीत. मंग चालत. सर रोज गाडीतून जाताना दिसतात मला."

"मग त्यांना तू दिसत नाहीस?"

"काचा वर असतात, मॅडम."

म्या हनुमानला झापला तसं मॅडमनी सरांना नाय झापलं. सावकाश बोलल्या, म्हनून जास्त लागलं आसंल. "पालकानं मुलीला वेळेवर आणायचं असतं, सर. सोमवारपासून रोज घंटेला मी फोन करीन." सर मान खाली घालून, "हो मॅडम, हो मॅडम."

मॅडम गेल्यावर म्या सरांच्या शेजारी टेकलो. म्हनलं, "पहिल्या बारीला घाम येतोच, सर. मंग सवय व्हती."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. टपरीचं आन दाखल्यांचं मातर पुन्हा नाव काढलं नाय.

सोमवारी गाडी माळावर गेली. हनुमान तिथंच व्हता, त्यानं समदं सांगितलं. बानाबाई दारात काठी घिऊन उभी. "दाखला आनला का?"

"नाही. मुलीला न्यायला आलो."

"कुठं न्यायची? थांब, म्या बी येते."

आन पुढच्या सीटवर काठी उभी धरून बसली. मागं प्रांजली, हनुमान आन वस्तीवरच्या आनखी दोन पोरी. तवापासून बानाबाई रोज येती, भरवसा नको का? पोराकडच्यांना तिनं निरोप धाडला, "दहावी होऊस्तोर दम धरा. पोरीला नवा पालक हाय, त्याला इचारावं लागंल." गाडीला आता मेंढरांचा वास येतो. काचा खाली असतात. ठिवाव्याच लागतेत.

मागच्या हप्त्यात एक कोकरू रोडवर आडवं बसलं, बानाबाई त्याला उचलल्याबिगर हालंना. गाडी आली तंवर घंटा झालेली, फाटक बंद. सरांनी हारन वाजवला. कडूबा आतून म्हनला, "सर, तुमीच सांगितलंय. उशिरा आलेल्याला हाफिसात न्यायचं. पन हाफिसात तर तुमीच बसता, आता नेऊ कुनाकडं?"

पोरं दात काढाया लागली. सर उतरले, टपरीवर आले, बाकड्यावर बसले. म्या चहा दिला. त्यांनी मपल्या तोंडाकडं बगून घेतला.

म्या आवाज चढवला. "रोज रोज उशीर! घरचं मानूस घिऊन या, मंग आत सोडतो."

सरांनी फुर्रकन घोट घेतला, आन कपानंच गाडीकडं दाखवलं. पुढच्या सीटवर बानाबाई, मांडीवर कोकरू, हातात काठी.

"आणलंय की," म्हनले.