गुदामाच्या भिंतीवरचे आजोबा

लानचे वाक्य अजून अर्धेच झाले होते, तोच त्या म्हाताऱ्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, शर्टाचे गळ्याजवळचे बटण लावले आणि भिंतीसमोर उभे राहून कमरेतून तीनदा वाकून नमस्कार केला.

फिरायला आलेल्या पंधरा-वीस जणांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग. दोघातिघांनी फोटो काढले. गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी लान जुन्या चिनी वस्तीतल्या टिरेटा बाजारातून माणसे फिरवत होती. या भिंतीपुढे आजवर ती एकटीच वाकली होती, तेही आजूबाजूला कोणी नसताना.

गुदामाच्या त्या भिंतीवर दोन मजले उंच तिचे आजोबा होते. लानच्या घरच्या देव्हाऱ्यावर त्यांचे जुने चित्र होते, त्यावरून तिथी नावाच्या चित्रकार मुलीने महिनाभर शिडीवर चढून ते रंगवले होते. समुद्र ओलांडून या गल्लीत पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीवर दिसायला हवा, असे तिथीचे म्हणणे. आज दुपारी खाली नावाची पाटी बसायची होती: याप सेनलिन, जोडे करणारे.

"आको, हे काय करताय?" लानने त्याला थोरल्या भावासारखी हाक मारून हक्का या चिनी बोलीत विचारले. त्याचा चेहरा बघूनच तिने ओळखले होते की इथे बंगालीचे काम नाही.

"माझे आजोबा आहेत," तो म्हणाला. "तुम्ही मघापासून माझे आजोबा, माझे आजोबा म्हणताय, मला वाटलं, फिरवणाऱ्यांची बोलायची पद्धत असेल."

त्याचे नाव चुंग वेनफा. जन्म इथलाच, छातावाला गल्लीतला. बासष्टच्या लढाईत पोलिसांनी त्याच्या बापाला राजस्थानातल्या छावणीत नेऊन टाकले. सुटून आल्यावर बापाने जे बिऱ्हाड हलवले ते थेट टोरांटोला. आता साठ वर्षांनी, पितरांच्या कबरी झाडायच्या सणासाठी, तो परत आला होता. त्याने पाकिटातून एक फोटो काढला. टोरांटोच्या घरातल्या देव्हाऱ्यावरचे चित्र होते ते. लांबट तोंड, उजवी पापणी किंचित झुकलेली, डाव्या डोळ्याखाली तीळ.

लानने एकदा फोटोकडे पाहिले, एकदा भिंतीकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"लानदी," शेजारीच उभी असलेली तिथी हळूच म्हणाली, "मिस्त्री दोनला येतोय. पाटीचं काय करू?"

"तू जरा थांब गं."

पुढचा सगळा फेरफटका लानने कसाबसा उरकला. सी-इप देवळाच्या पायरीवर तिने नाम-सून देवळाची गोष्ट सांगितली. तिचा फेरफटका म्हणजे तसा निघून गेलेल्यांचीच यादी असे. हिरव्या खिडक्यांचे घर म्हणजे मेलबर्नला गेलेले दातांचे डॉक्टर, लोखंडी कठड्याचे म्हणजे स्वीडनला गेलेले धोबी. आज एका घराकडे हात करून ती म्हणाली, "हे लोक पंच्याऐंशी साली ऑस्ट्रेलियाला गेले." वरच्या खिडकीतून दात घासत घरमालक म्हणाला, "मी कधी गेलो?" सगळे हसले. लानला काय चुकले हेच कळेना.

माणसे पांगल्यावर ती दोघे रस्त्याकडेच्या बाकड्यावर माशाच्या गोळ्यांचे सूप घेऊन बसली.

"दोन बायका असणार," वेनफा म्हणाला.

"माझ्या आजोबांना?"

"आपल्या आजोबांना."

"काहीतरीच. तुमचं आडनाव चुंग, आमचं याप."

"दुसऱ्याच्या कागदावर जहाजात चढले असतील. कितीतरी जण तसेच आले. एक नाव कागदावरचं, एक घरचं. सकाळी या गल्लीत, संध्याकाळी त्या गल्लीत. विचारलं की दुकानात उशीर झाला म्हणायचं."

लानला राग यायला हवा होता. तिचा बाप आठ वर्षांचा असताना आजोबा वारले. त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगत: हे चित्र काढून घ्यायला ते तीन दिवस हलले नाहीत. असा माणूस दोन संसार लपवून करील? पण राग काही धड येईना, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरेच काहीतरी येत होते आणि ते तिला आवडत होते. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. आईचे केस कापायचे दुकान तेव्हापासून बंद होते. सकाळी उदबत्ती लावताना लान त्या चित्राशी बोले; गुडघ्याचे, गॅसचे, कोण कुठे गेले त्याचे. घरात उत्तर देणारे कोणी नव्हते. आणि हा माणूस समोर बसून तिच्या वाडग्यात आपल्या वाटचे दोन गोळे टाकत होता.

"तसं असेल, तर मी तुझा खराखुरा आको झालो, तू माझी धाकटी आमोई," तो म्हणाला. "विचारू कोणाला तरी. चित्राच्या कोपऱ्यात लिमचा शिक्का आहे ना?"

शिक्का होता. मेलेल्या माणसांची चित्रे काढणाऱ्या लिमची सून अजून त्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर राहत होती. नव्वदी उलटली होती, पण कान शाबूत. वेनफाच्या गुडघ्यांना ते जिने झेपणारे नव्हते. तो खाली थांबला आणि लान एकटीच वर गेली.

"आपो," लानने आजी म्हणून हाक मारून सगळे सांगितले. "तुमचे सासरे माझ्या आजोबांना ओळखत होते का? त्यांची दोन घरं होती का?"

"मला काय माहीत कोणाची किती घरं," म्हातारी म्हणाली. "तीळ होता ना? डाव्या डोळ्याखाली?"

"हो."

म्हातारीने पलंगाखालून कापडी बांधणीची एक वही ओढून काढली. पानापानावर तोंडे होती. नुसतीच तोंडे, बारीक कुंचल्याने काढलेली. गरुडनाकी, बसकी, गालफडे वर आलेली.

"त्या काळी गरिबाचा फोटो कुठला असणार? माणूस गेला की सासऱ्यांना बोलावणं यायचं. झाकलेल्या माणसाच्या तोंडावरचं कापड काढायचं नाही, तशी रीत. मग घरच्यांपुढे वही धरायची. कपाळ असं होतं का, नाक असं होतं का, बोट ठेवा." तिने वही लानच्या मांडीवर सरकवली. "पण रडणाऱ्या माणसाला काय दिसतंय? सगळे पहिल्याच पानावर बोट ठेवायचे. हो हो, असेच होते म्हणायचे."

पहिल्या पानावर आजोबा होते. पापणी, तीळ, सगळे.

"मग हे कोण?" लानने विचारले.

"कोणी नाही. सासरे शिकत होते तेव्हा मनानं काढलेलं. तीळसुद्धा नाही तो, शाईचा थेंब पडला होता. मग पुढे सगळ्यांना तसाच काढत गेले." म्हातारीने पान सारखे केले. "पंधरा-वीस घरी तरी असेल. आता काय, बदलून देऊ?"

लानला वाटले, आता आपल्याला रडू येईल. पण कोणासाठी रडायचे तेच ठरेना. ज्याच्याशी जन्मभर बोललो तो कधी नव्हताच, आणि जो होता त्याचे नाक कसे होते हे आता जगात कोणालाच माहीत नाही. तिने बोटाने तो थेंब पुसल्यासारखा केला आणि वही मिटून परत दिली. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती उगाचच उभी राहिली.

खाली वेनफा फोनवर होता. तिला पाहताच त्याने फोनच तिच्या तोंडापुढे धरला. तिकडे टोरांटोला रात्र होती. एक बाई आणि झोपायच्या कपड्यांतल्या दोन मुली एकमेकींना ढकलत पडद्यात मावायला बघत होत्या.

"आकू!" ती बाई म्हणाली. बापाच्या बहिणीला म्हणतात तसे. लानला जन्मात कोणी आकू म्हटले नव्हते. "तुमचे गाल अगदी बाबांसारखे आहेत."

"झोपा आता," लान कशीबशी म्हणाली.

वेनफाने फोन खिशात ठेवला. "काय म्हणाली म्हातारी?"

लानने त्याच्याकडे पाहिले. त्याचा चेहरा तिच्या ओळखीच्या कोणाशीच जुळत नव्हता.

"दोन घरं होती म्हणाली," लान म्हणाली. "सगळ्या बाजाराला माहीत होतं."

हे बोलताना ती लाजली. कोणाला बदनाम करतोय हेही तिला धड माहीत नव्हते. तिने घाईघाईने तिथीला फोन लावला आणि पाटीवर दोन्ही आडनावे लिहायला सांगितली. तिथी म्हणाली, "मग गोष्ट काय सांगायची?" लान म्हणाली, "नंतर सांगते," आणि तिने फोन ठेवला.

दोघे बाजारातून चालू लागली. रस्ता ओलांडताना वेनफाने तिचे कोपर धरले ते पलीकडे गेल्यावरही सोडले नाही. बरेच पुढे गेल्यावर त्याने तिच्याकडे न बघता विचारले,

"वही दाखवली का तिनं?"

"कुठली वही?"

"काही नाही," वेनफा म्हणाला. "माझी आजी म्हातारपणी काहीबाही सांगायची. चल आमोई, तुझं घर कुठल्या बाजूला?"