माझ्यात टांगलेली हृदयं

मी प्रयोगशाळेतलं काचेचं कुंड. माझ्यात कोमट खारं पाणी भरतात, तळातून प्राणवायूचे बुडबुडे सोडतात आणि बोकडाच्या ताज्या हृदयाची बारीक पट्टी दोऱ्याने टांगतात. विजेचा हलका झटका दिला की पट्टी आखडते, पडद्यावर रेघ उसळते. एवढंच माझं आयुष्य. तेही माणसं सुखाने जगू देत नाहीत.

एका कारागिराने फुंकून मला घडवलं. चिंचवडच्या या विद्यापीठात आल्यापासून मात्र नुसती खेकसाखेकस ऐकतेय माझी काच.

इथे स्वप्नाली पीएचडी करते. तान्ह्याला रावेतच्या पाळणाघरात ठेवून येते. तापमापक बरोबर असला तरी मला बाहेरून मनगट लावून बघते, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.

मध्यंतरी एकही पट्टी हलेना. तिच्या मार्गदर्शक विजयश्री मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जीव पाळणाघरात, हात इथे. कशी हलेल? शुक्रवारपर्यंत रेघ दिसली नाही, तर हे टेबल धनेशचं."

"मी आजपासूनही तयार आहे, मॅडम," तिचा सहकारी धनेश म्हणाला. लाळघोट्या!

मला वाटलं, मलाच कुठे तडा गेला असेल. स्वप्नालीलाही स्वतःबद्दल तेच वाटत असावं.

शुक्रवारी ती धापा टाकत आली आणि फोनवर नवऱ्याला म्हणाली, "अरे, कासारवाडीचा नूरमोहम्मद खाटीक हृदय नळाखाली रगडून धुतो! साध्या पाण्याने पेशी फुगून मरतात रे. मला रोज पिशवी बांधूनच मिळायची. आज धुताना पाहिलं. म्हटलं, भाई, धुऊ नका. तर म्हणतो, 'बिना धुतलेला माल देऊ? दुकानाची इज्जत जाईल, मॅडम!'"

न धुतलेल्या हृदयाची पट्टी तिने टांगली. झटका दिला. रेघ उसळली. परत उसळली. स्वप्नालीने तोंडावर हात दाबला.

मॅडमनी पडदा पाहिला. "छान. आता पुढचं धनेश बघेल. लहान मूल आहे, तुला झेपायचं नाही. तू त्याला मदत कर."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात..."

"वाद नकोय मला."

धनेश हसत पुढे आला. "हृदय कुठून आणायचं, ताई?"

"कासारवाडीला, नूरमोहम्मदकडे." स्वप्नालीने दोरा गुंडाळून ठेवला. "आणि स्वच्छ धुऊन माग हं. मॅडमना घाण चालत नाही."

हल्ली माझ्यात मेलेल्या पट्ट्या लोंबतात. धनेश मला टिचक्या मारतो, मॅडम त्याच्यावर खेकसतात, स्वप्नाली शेजारी उभी राहून निमूट मदत करते. मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते: त्याला एवढ्यात काही सांगू नका.