कवडूभाऊंच्या शिरांत राहतो मी

मी नायट्रिक ऑक्साइड बोलून राहिलो. नाव ऐकून घाबरू नका. वायू आहे मी, पण पोटात गुडगुड करणारा तो गॅस मी नव्हे बरं! रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरात माझा जन्म होतो. आयुष्य क्षणभराचं. एक गेलो की दुसरा जन्मतो, म्हणून सगळ्यांना मिळून मी 'मी'च म्हणतो. काम एकच: आवळलेल्या शिरेला सांगायचं, "अवं बाई, जराशी ढिली हो." ती ढिली होते आणि रक्त मोकळं वाहतं.

माझं घर म्हणजे सौंसरजवळचे कवडूभाऊ. संत्र्याची बाग, एक बैलजोडी आणि वेशीपर्यंत जाणारा आवाज. पोळ्याला तोरणाखाली आपली जोडी आपणच उभी करायची, हा त्यांचा हट्ट.

काविळीच्या एका विषाणूनं त्यांचं यकृत हळूहळू कडक करून टाकलं. गाव म्हणे, "दारू पेत असन." अरे, थेंबाला शिवला नाही तो माणूस! असा संताप येतो ना मला! यकृतातल्या वाटा आवळल्या, आणि नेमकं तिथंच माझं जन्मणं कमी झालं. रक्त मागं तुंबलं. आतड्यांकडच्या शिरांत मात्र मी इतका जन्मू लागलो की विचारूच नका. हवा तिथं नाही आणि नको तिथं जत्रा! त्या शिरा पार सैलावल्या, रक्तदाब उतरला. मूत्रपिंडांना वाटलं, अंगात पाणीच कमी पडलं, म्हणून ती मीठ-पाणी धरून बसली. पोट फुगलं, पाय सुजले. अन्ननलिकेतल्या शिरा तर टम्म झाल्या. एखादी फुटली असती तर खेळ खलास होता.

नागपूरच्या मानसी डॉक्टरांनी दुर्बीण घालून त्या शिरांना रबराचे छल्ले बसवले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मीठ अगदी कमी."

प्रेमलताकाकूंनी नवऱ्यासाठी अळणी वरण सुरू केलं. तरी पोट उतरेना. पोळा जवळ आला. बैलांची शिंगं रंगवायला उठले की कवडूभाऊ धापा टाकत खाली बसायचे.

"औंदा माह्या बैलायचा कासरा दुसऱ्याच्या हाती द्या लागते का वं?" म्हणून एक दिवस ते रडले. मलाही फार वाईट वाटलं.

रोज जेवण झालं की रक्तात मीठ चढून यायचं. कुठून येतं ते मला कळायचं, पण सांगू कोणाला? शेवटी पांढुर्ण्याहून लेक आली, पूनम. तिनं आईला ताक ढवळताना पाहिलं.

"माय, हे काय टाकून राहिली?"

"काळं मीठ हाय. पाचक असते. संत्र्याच्या फोडीवर, काकडीवर, ताकात, सारं हेच देतो मी त्याईले. डाक्टरनं पांढरं मना केलं ना!"

"अवं माय! काळं काय अन् पांढरं काय, मीठ ते मीठच!"

काकूंना रडूच कोसळलं. "बापा! मी तं त्यायच्या भल्यासाठी टाकत होती."

"तरीच म्हटलं, ताक येवढं झकास कसं लागते!" कवडूभाऊ म्हणाले, आणि रडता रडता काकूंना हसू फुटलं.

काळं मीठ त्याच दिवशी बंद झालं. मग गोळ्यांनी काम दाखवलं. लघवी मोकळी झाली, पोट ओसरलं, चप्पल पायात शिरू लागली. यकृत अजून कडकच आहे, नागपूरच्या खेपा सुटलेल्या नाहीत. पण श्वास पुरू लागला.

आज पोळा. तोरणाखाली कवडूभाऊ आपली जोडी धरून उभे आहेत आणि झडती, म्हणजे पोळ्याचं खड्या आवाजातलं गाणं, अशी ठोकून देतात की बैलही कान टवकारतात. मी त्यांच्या पायांतल्या शिरांना म्हणून राहिलो, "ढिल्या व्हा गं बायांनो, आज आपला धनी जोडी धरून उभा आहे!" माझा क्षण संपत आला, पण काय नशीब पाहा, नेमका हाच क्षण वाट्याला आला. तुमच्याही शिरांत मी आहे बरं, यकृताला जपा.

घरी बैलांना ओवाळून काकूंनी अळणी ताकाचा गिलास पुढं केला. कवडूभाऊंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"बेकार लागते वं," म्हणाले. "भर अजून. पुढच्या पोळ्यालेही हेच पाज."